टाकायला शिकवलं, काढायला कोण शिकवणार?

कुठल्याही तालुक्याच्या बसस्टँडसमोर कम्प्युटर क्लासचा बोर्ड असतोच. तीन महिन्यांचा कोर्स, वर सर्टिफिकेट. त्या तीन महिन्यांत पोरं पत्र लिहायला, तक्ता मांडायला, स्लाइड बनवायला शिकतात. सॉफ्टवेअर 'टाकणं' म्हणजे काय, तेही एका तासात उरकलं जातं. सेटअपवर दोनदा क्लिक करायचं. मग नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश. पण टाकलेलं सॉफ्टवेअर पूर्णपणे काढायचं कसं, ते आत गेल्यावर कुठेकुठे जाऊन बसलं, सोबत कुणाकुणाला घेऊन आलं, हे कुणी शिकवत नाही. शिकवणाऱ्याला ते माहीत नसतं आणि शिकणारा विचारत नाही.

माझं म्हणणं असं, की एखाद्या मशीनवर आपली मालकी आहे की नाही हे खरेदीच्या पावतीवरून ठरत नाही. त्या मशीनमध्ये जे नको ते आपल्याला मुळासकट काढता येतं का, यावरून ते ठरतं. आणि हा हक्क आज जिथे सर्वांत शाबूत राहिलाय ती जागा म्हणजे ज्याला पाहून लोक बिचकतात तो काळा पडदा, कमांड लाइन. सिनेमावाल्यांनी या पडद्याची फार बदनामी केली. हूडी घातलेला पोरगा, हिरवी अक्षरं, आणि दहा सेकंदांत बँक रिकामी. प्रत्यक्षात तिथे बसून लोक जे करतात ते किराणा दुकानातल्या वहीच्या कामापेक्षा फार वेगळं नसतं. काय आलं, काय गेलं, शिल्लक किती.

डेबियन किंवा उबुंटू नावाची लिनक्स प्रणाली असलेलं मशीन घ्या. त्यावर व्हिडिओ बघायला व्हीएलसी हवा असेल तर लिहायचं: सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी. (कळफलकावर अर्थात रोमन अक्षरांत.) चार शब्द. 'सुडो' म्हणजे हे काम मी मशीनच्या प्रशासकाच्या अधिकाराने करतोय. 'ॲप्ट' हा कारभारी. पुढे काय करायचं, आणि कशाचं करायचं. हे टाइप केल्यावर ॲप्ट आधी आपल्याजवळची यादी काढून बघतो, की व्हीएलसीला चालायला आणखी कोणकोणती पॅकेजेस लागतात आणि त्यातली कोणती मशीनवर आधीच आहेत. मग तो पडद्यावर लिहून दाखवतो: ही एवढी नवीन येणार, एवढ्या एमबी उतरवाव्या लागणार, डिस्कवर एवढी जागा जाणार. मागितलेल्या वस्तूसोबत दुसरं काही येणार किंवा जाणार असेल तर तो थांबतो आणि विचारतो, पुढे जाऊ का? तुम्ही 'वाय' दाबेपर्यंत मशीनवर काहीही बदललेलं नसतं.

हो म्हटल्यावरही तो डोळे मिटून काही आणत नाही. पॅकेजेसच्या भांडाराच्या मुख्य यादीवर डिजिटल सही असते. त्या यादीत पोटयाद्यांचे ठसे असतात, आणि पोटयादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा. उतरवलेली फाइल त्या ठशाशी जुळली नाही तर ॲप्ट ती नाकारतो. वाटेत कुणी फाइल बदलली तर ती पकडली जाते. मग खालचा कामगार, त्याचं नाव डीपीकेजी, पॅकेज उघडतो आणि कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंद वहीत करतो. ही वही तुम्हाला केव्हाही वाचता येते. डीपीकेजी डॅश एल (मोठा एल) आणि पॅकेजचं नाव लिहा, त्या पॅकेजने ठेवलेल्या प्रत्येक फाइलचा पत्ता समोर येतो. उलटंही विचारता येतं, की ही अमुक फाइल कुणाची? डीपीकेजी डॅश एस (हाही मोठाच), उत्तर हजर. गेल्या महिन्यात या मशीनवर कुणी काय टाकलं, काय काढलं, कोणत्या तारखेला, किती वाजता, हेसुद्धा ॲप्टच्या हिस्टरी नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

आता दुसऱ्या बाजूला या, सेटअपच्या दुनियेत. तिथे वर्षानुवर्षं प्रत्येक कंपनीने आपापला इन्स्टॉलर आणला आणि काढण्याचं साधनही स्वतःच लिहून दिलं. म्हणजे पाहुणा घरी आला, मुक्काम केला, आणि जाताना 'मी काय काय मागे ठेवलं' याची यादीही त्यानेच करायची. चोरालाच पंचनामा लिहायला बसवल्यासारखं आहे हे. म्हणूनच सहा महिने वापरलेल्या मशीनवर तुम्ही कधीही न मागितलेला टूलबार, दोन-दोन अँटिव्हायरस, आणि दर तासाला 'तुमचं मशीन धोक्यात आहे' म्हणून ओरडणारी एक खिडकी सापडते. काढायला जावं तर 'तुम्हाला खात्री आहे का', 'आम्हाला सोडून का जाताय', 'ही सवलत बघा'. मोबाइल कंपनीचं सिम बंद करायला गेल्यावर जे होतं, अगदी तेच. मायक्रोसॉफ्टनेही अखेर 2020 मध्ये विंगेट नावाचा कमांड लाइनवरचा पॅकेज कारभारी जाहीर केला. लिनक्सवाल्यांनी जे नव्वदच्या दशकात केलं ते जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एकीला तेव्हा सुचलं.

डेबियन प्रकल्प इयन मरडॉक यांनी ऑगस्ट 1993 मध्ये जाहीर केला. डीपीकेजी त्याच्या पाठोपाठ, 1994 मध्ये आला. ॲप्ट 1999 च्या डेबियन 2.1 सोबत लोकांच्या हातात पडला. या लोकांसमोरचा प्रश्न तांत्रिक होताच, पण त्याचबरोबर तो नियमांचा होता. हजारो माणसांनी, वेगवेगळ्या देशांत बसून लिहिलेली सॉफ्टवेअर एकाच मशीनवर एकत्र नांदवायची, तर प्रत्येकाने एकच वही वापरली पाहिजे. कुणीही आपली वेगळी चूल मांडायची नाही. म्हणून डेबियनची एक धोरणसंहिता आहे. कोणती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये जाईल, काढताना काय राहील, काय जाईल, हे तिथे लिहिलेलं आहे.

काढण्याबद्दल तर ॲप्ट इतका काटेकोर आहे की माणसाने शिकावं. 'रिमूव्ह' म्हटलं तर तो कार्यक्रम काढतो, पण तुम्ही केलेल्या सेटिंगच्या फाइली ठेवतो. परत कधी टाकलं तर त्या उपयोगी पडतील. 'पर्ज' म्हटलं तर त्या सेटिंगच्या फाइलीही जातात. पण दोन्हीपैकी कुणीही तुमच्या घरच्या फोल्डरला हात लावत नाही. तुमची पत्रं, तुमचे फोटो, त्या कार्यक्रमाने तुमच्या खोलीत ठेवलेल्या खासगी नोंदी, हे सगळं तुमचं; ते काढायचं की नाही हे तुम्ही ठरवा. आणि 'ऑटोरिमूव्ह' म्हटलं तर व्हीएलसीसोबत म्हणून आलेले, आता कुणालाच नको असलेले सोबती निघून जातात. ॲप्ट प्रत्येक पॅकेजपुढे खूण ठेवतो, हे मालकाने मागून घेतलं आणि हे कुणाच्या तरी बोटाला धरून आलं. ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल लिहिलं की तुम्ही मागवलेल्यांची यादी मिळते. (नव्या मशीनवर ही यादी लांब दिसते, कारण प्रणाली बसवतानाच आलेली बरीच पॅकेजेस त्यात धरलेली असतात. घाबरू नका.)

यावर लगेच ऐकू येतं, 'हे सगळं इंजिनिअर लोकांसाठी. साध्या माणसाला बटण हवं.' हा युक्तिवाद मला नेहमी साध्या माणसाचा अपमान वाटत आलाय. मालेगावात, भिवंडीत, इचलकरंजीत जो माणूस यंत्रमाग चालवतो तो चार-सहा मागांच्या गोंगाटात उभा राहून कोणत्या मागाचा धोटा बिघडलाय हे आवाजावरून ओळखतो. तुटलेला धागा चालत्या पाळीत सांधतो. रिक्षा दुरुस्त करणारा पोरगा शाळा सोडलेला असतो, पण कार्बोरेटर उघडून प्रत्येक भाग फडक्यावर ओळीने मांडतो, का, तर उलट्या क्रमाने परत बसवता यावा म्हणून. तो जे करतो ते अक्षरशः पॅकेज काढणं आणि बसवणं आहे. या लोकांना चार शब्द टाइप करणं जमणार नाही, असं कुणी ठरवलं? ज्यांना बटणामागे काय लपलंय ते दाखवायचं नसतं, त्यांनी.

इंग्रजीचा मुद्दाही काढला जातो. डेबियनचा चित्रमय इन्स्टॉलर मराठीत चालतो. ॲप्टच्या संदेशांचं मराठी भाषांतर झालेलं आहे. भाषांतर कुठे कुठे जड आहे, मान्य. सरकारी परिपत्रकाचा वास येतो. पण ते आहे, आणि ज्याला खटकेल त्याला सुधारून पाठवता येतं. तुमच्या अँटिव्हायरसच्या 'आय ॲग्री'वरची चाळीस पानं मराठीत आणून द्या म्हणावं त्या बटणवाल्यांना.

मी हे आज लिहितोय त्याला कारण आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 ला मशीनमध्ये टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चालती-बोलती, काही न बिघडलेली असंख्य जुनी मशीनं एका तारखेला 'अपात्र' झाली. ही मशीनं कुठे आहेत? जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, उर्दू शाळेत आहेत, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात आहेत, एखाद्या ट्रस्टने मदरशाला दिलेल्या खोलीत आहेत. आपल्याकडे कम्प्युटर दान करण्याची हौस मोठी. फीत कापली जाते, पाहुण्यांचा सत्कार होतो, पेपरात फोटो येतो. मशीनमध्ये विंडोज असतं चोरीचं, आणि ते 'चालू' करण्यासाठी कुणीतरी पेनड्राइव्हवरून आणलेला ॲक्टिव्हेटर. तो ॲक्टिव्हेटर चालवताना अँटिव्हायरस बंद करावा लागतो, हेही मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं! मराठवाड्यातल्या अशाच एका शाळेच्या लॅबमध्ये मी दहापैकी सात मशीनं बंद पाहिली. एकाचंही हार्डवेअर बिघडलेलं नव्हतं. आत इतका कचरा साठला होता की चालू व्हायलाच दहा मिनिटं लागत, म्हणून मास्तरांनी बटण दाबणं सोडून दिलं होतं. भंगारवाल्याशी बोलणी सुरू होती.

या मुलांचं नुकसान कोण मोजणार? त्या मशीनवर डेबियनची हलकी आवृत्ती चालली असती. केरळच्या सरकारी शाळांमध्ये कितीतरी वर्षांपासून मुलं लिनक्सवरच शिकतात. तिथली 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी त्याची स्वतःची आवृत्ती तयार करते. केरळचं पोर आपल्या पोरापेक्षा जन्मतः हुशार नसतं. तिथे सरकारने ठरवलं, शिक्षकांना शिकवलं. आपल्याकडे अजून 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश'.

पण हा लेख लिनक्सवाल्यांची आरती नाही. त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते जास्त कडू आहे, कारण त्यांना कळत असून ते करतात.

कुठलंही नवं साधन बसवायचं म्हटलं की त्याच्या पानावर एक ओळ दिलेली असते: कर्ल, मग एक पत्ता, मग उभी रेघ, मग सुडो बॅश. अर्थ असा, की या पत्त्यावरून जे काही येईल ते न वाचता, न तपासता, प्रशासकाच्या अधिकाराने माझ्या मशीनवर चालव. ॲप्टने सही, ठसे, वही, विचारणा अशी जी शिस्त वीस-पंचवीस वर्षांत उभी केली ती या एका ओळीत गटारात. आणि काढायचं कसं? ते त्या पानावर बहुतेक वेळा नसतंच. तोच सेटअप डॉट ईएक्सई, फक्त काळ्या पडद्यावर. इंजिनिअरिंगची पोरं ही ओळ चिकटवतात आणि स्वतःला विंडोजवाल्यांपेक्षा शहाणी समजतात.

पायथनचं उदाहरण बघा. पायथनचा स्वतःचा कारभारी आहे, पिप. त्याच्या भांडारात कुणीही खातं उघडून पॅकेज टाकू शकतो. लोकप्रिय नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक करून विषारी पॅकेज टाकण्याचे प्रकार तिथे वारंवार पकडले गेलेत. शिवाय पिपने थेट प्रणालीच्या पायथनमध्ये वस्तू घातल्या तर ॲप्टच्या वहीत त्यांची नोंदच होत नाही. दोन कारभारी, एक घर, आणि रोज भांडण. म्हणून जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून पिप असं करायला नकार देतो आणि सांगतो, वेगळी खोली करा, तिथे टाका. नकारासोबत तो एक पळवाटही सांगतो. त्या पळवाटेचं नावच 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' आहे. म्हणजे 'प्रणालीची पॅकेजेस मोडा'. इतकं स्पष्ट नाव ठेवूनही पोरं ते शब्द चिकटवतात आणि पुढे जातात. मशीन सांगतंय, मालक ऐकत नाही. क्लासने वाचायलाच शिकवलेलं नाही, फक्त दाबायला शिकवलंय.

2021 च्या नोव्हेंबरात हेच जगासमोर घडलं. लायनस सेबॅस्टियन नावाचा कॅनडातला प्रसिद्ध यूट्यूबर, महिनाभर लिनक्स वापरून बघायचं म्हणून बसला. पॉप ओएस नावाच्या प्रणालीवर त्याला स्टीम, म्हणजे खेळांचं दुकान, टाकायचं होतं. आधी त्याने बटणवालं दुकान उघडलं; ते अडलं. मग तो कमांड लाइनवर आला. त्या दिवशी भांडारातल्या पॅकेजमध्ये घोळ होता, आणि स्टीम बसवायचं तर ॲप्टच्या हिशेबाने प्रणालीचा अख्खा डेस्कटॉप काढावा लागणार होता. ॲप्टने तसं लिहिलं. काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी दिली. ही आवश्यक पॅकेजेस आहेत, असं करू नका, असंही लिहिलं. आणि खरंच करायचं असेल तर 'हो, मी सांगतो तसं कर' हे वाक्य इंग्रजीत अक्षरन् अक्षर टाइप करा म्हणाला. त्याने केलं. डेस्कटॉप गेला.

लिनक्सवाले त्याच्यावर हसले. बटणवाले लिनक्सवर हसले. मला दोघांचंही हसणं पटलं नाही. पॅकेजचा घोळ प्रणाली बनवणाऱ्यांचा होता आणि नवख्या माणसासमोर तो यायलाच नको होता. पुढे असं वाक्य टाइप करून आवश्यक पॅकेजेस उडवणं ॲप्टमध्ये अवघड केलं गेलं, तेही बरं झालं. पण या सगळ्यात खरं कोण बोललं? बटण फक्त 'जमलं नाही' म्हणालं. का जमलं नाही, ते काळ्या पडद्याने सांगितलं. ज्याने धोक्याचा फलक नीट लिहून लावला त्यालाच आपण धोकादायक म्हणतो.

याहून वाईट म्हणजे हा पडदाच खोटं बोलू लागला तर. उबुंटूने 20.04 या आवृत्तीत, म्हणजे 2020 मध्ये, तेच केलं. तुम्ही ॲप्टला क्रोमियम ब्राउझर मागायचा. ॲप्टच्या भांडारात त्या नावाचं एक रिकामं पॅकेज ठेवलेलं. ते बसलं की मागच्या दाराने स्नॅप या दुसऱ्याच पद्धतीचं क्रोमियम आत. आणि स्नॅपचं दुकान एकच कंपनी चालवते, कॅनॉनिकल, ज्या कंपनीचं उबुंटू आहे. वही एकाची, माल दुसऱ्याचा. लिनक्स मिंटवाल्यांनी याला उघड विरोध केला आणि त्याच वर्षीच्या मिंट 20 मध्ये ॲप्टला स्नॅप आणायला बंदी घातली. उबुंटूची बाजू अशी, की प्रत्येक आवृत्तीसाठी क्रोमियम पुन्हा पुन्हा बांधणं फार कष्टाचं आहे. असेल. मग ॲप्टमधून काढून टाका आणि सांगा, इथे मिळणार नाही. मागितलं दूध आणि दिली पावडर, डबा मात्र दुधाचा, याला कष्टाचं कारण चालत नाही.

आता एक प्रश्न रास्तच आहे, की ॲप्टच्या सहीवर तरी विश्वास का ठेवायचा? 29 मार्च 2024 ला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने जाहीर केलं की एक्सझेड या, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या फाइली दाबण्याच्या साधनात चोरदार आहे. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ इमाने-इतबारे मदत करत, थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास कमावला होता आणि मग 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत विष कालवलं होतं. सह्या बरोबर, ठसे बरोबर, वही बरोबर; मालच विषारी. डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत तो पोहोचलाही होता, स्थिर आवृत्तीपर्यंत मात्र नाही. फ्रॉइंड यांना संशय आला कारण दूरच्या मशीनमध्ये शिरायला अर्धा सेकंद जास्त लागत होता. त्यांना कुतूहल होतं, आणि आत डोकावायची मुभा होती. दोन्ही लागलं.

सापडल्यावर काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जगभरच्या लोकांनी एक ओळ लिहून आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ते पाहिलं. डेबियनने जुनी, निर्दोष आवृत्ती नव्या क्रमांकाखाली पाठवली. क्रमांक होता 5.6.1, आणि त्याला जोडून 'रिअली 5.4.5'. म्हणजे वरून सहा दिसत असलं तरी खरं म्हणजे चार. क्रमांक मागे नेता येत नाही, म्हणून नावातच कबुली. मला हे फार आवडलं. आपल्याकडच्या एखाद्या कंपनीच्या ॲपमध्ये असं सापडलं असतं तर 'कामगिरी सुधारली, किरकोळ दुरुस्त्या' एवढंच लिहून आलं असतं.

आणि फोनचं काय? तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तुम्ही न मागितलेली किती ॲप आहेत ते मोजा. त्यातली किती काढता येतात तेही मोजा. 'अनइन्स्टॉल' नसतं, 'डिसेबल' असतं. काहींना तेही नसतं. 20 ऑक्टोबर 2022 ला भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला 1,337.76 कोटींचा दंड ठोठावला तेव्हा दंडासोबत जे निर्देश दिले त्यात एक हाच होता, की आधीच घातलेली आपली ॲप काढण्यापासून वापरणाऱ्यांना अडवू नका. पेपरांनी दंडाचा आकडा मोठ्या टाइपात छापला. मार्च 2023 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि जे चार निर्देश रद्द केले त्यात हा होता. कोटींचा आकडा राहिला, काढायचा हक्क गेला. त्यावर कुठे चर्चा झालेली मला दिसली नाही.

मग नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना सांगितलं, प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीच घाला, आणि त्याची कामं बंद किंवा मर्यादित होणार नाहीत याची खात्री करा. ओरड झाली. मंत्री म्हणाले, नको असेल तर काढून टाका. आदेशातले शब्द आणि मंत्र्यांचे शब्द जुळेनात. 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. हरवलेला फोन शोधायला ते ॲप कामाचं आहे, ज्याला हवं त्याने जरूर टाकावं. त्या आठवड्यात टीव्हीवर पाळत, गोपनीयता, देशाची सुरक्षा यावर भरपूर आरडाओरडा झाला, आणि आपल्यासारख्यांना असल्या चर्चेत कोणत्या खुर्चीवर बसवतात ते सांगायला नको. मला मात्र वाटत राहिलं, की कंपनी असो वा सरकार, हिंदू असो वा मुसलमान, फोन ज्याचा त्याला 'रिमूव्ह' म्हणता आलं पाहिजे आणि ते खरोखर निघालं पाहिजे, एवढी साधी मागणी त्या गदारोळात कुणीच मांडली नाही.

फोनलाही कमांड लाइन आहे. डेव्हलपर पर्याय चालू करून, केबलने मशीनला जोडून, एडीबी नावाच्या साधनातून 'पीएम अनइन्स्टॉल', पुढे 'युजर 0' आणि पॅकेजचं नाव असं लिहिलं की ज्यांना बटणच नाही अशी बरीच ॲप नाहीशी होतात. पण नीट समजून घ्या: ती फक्त तुमच्यापुरती नाहीशी होतात. प्रणालीच्या कुलूपबंद भागात ती तशीच असतात आणि फोन रिसेट केला की परत हजर. किल्ली कंपनीकडे आहे. पैसे भरून आपण भाडेकरू आहोत. आणि हो, भलतंच पॅकेज काढलंत तर फोन अडेल; नाव शोधून, वाचून मगच हात घाला.

'पण चुकलं तर?' हा प्रश्न मास्तर मंडळी हमखास विचारतात. विचारायलाच हवा. ॲप्टकडे त्याचंही उत्तर आहे, आणि क्लासमध्ये पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावं असं ते आहे. ॲप्ट-गेट, मग डॅश एस (हा धाकटा), मग रिमूव्ह आणि पॅकेजचं नाव. हा एस म्हणजे नुसती रंगीत तालीम. काय जाईल, सोबत कोण कोण जाईल, सगळं ओळीने दाखवतो आणि एकाही फाइलला हात लावत नाही. याला सुडोही लागत नाही, म्हणजे पासवर्डही नको. त्या बंद पडलेल्या लॅबमधल्या एका जुन्या मशीनवर डेबियन टाका, चौथीच्या पोरापासून कुणालाही बसवा, आणि वाट्टेल त्या पॅकेजचं नाव लिहून बघू द्या.